भिंत खाणारे लेकरू

गेल्या डिसेंबरात महासंघाच्या बैठकीसाठी दिल्लीला गेलो होतो. बैठक दोन दिवसांत आटोपली, परतीचे आरक्षण चौथ्या दिवसाचे. मधल्या वेळात मावसभावाच्या मुलाकडे मानेसरला जाऊन यावे असे ठरवले आणि रेवाडीकडच्या पॅसेंजरने पाटलीला उतरलो. पाटली हे तसे लहान स्टेशन, पण आता आपण रेल्वेवाल्यांनी लक्षात ठेवावे असे. तिथून मानेसरच्या मारुती कारखान्यापर्यंत सुमारे दहा किलोमीटरची लाईन टाकली आहे आणि कारखान्याच्या आवारातच मोटारी भरण्याचे सायडिंग आहे. 17 जून 2025 रोजी त्याचे उद्घाटन झाले. कारखान्याच्या आत असलेले देशातले सर्वांत मोठे सायडिंग म्हणून त्याचा गवगवा झाला. मोटार तयार झाली की थेट वाघिणीत. हे काम आपल्याच भावांच्या घामाचे आहे आणि त्याचा मला अभिमान आहे, हे आधीच लिहून ठेवतो, म्हणजे पुढचे वाचून कोणी मला विकासाचा शत्रू ठरवू नये.

आमचा पुतण्या लातूर जिल्ह्यातला. आयटीआय झाला, दोन वर्षे गावाकडे काम शोधले आणि शेवटी ओळखीच्या पोरांबरोबर मानेसरला गेला. सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत ठेकेदारामार्फत आहे. सूनबाई एका पॅकिंगच्या खात्यात, तीही ठेकेदाराचीच. मानेसरच्या औद्योगिक वसाहतीभोवती कासन, नाहरपूर, अलियर, ढाणा अशी गावे आहेत. शेतजमिनी कारखान्यांसाठी गेल्या, तेव्हा उरलेल्या जागेत लोकांनी कामगारांसाठी खोल्या बांधल्या. अशाच एका गावात हे राहतात. तीन मजले, मध्ये चौक, चहूबाजूंनी दहा बाय दहाच्या खोल्या, मजल्यावर दोन संडास. शेजारी बिहारचे, पूर्व उत्तर प्रदेशचे, ओडिशाचे, आणि मराठी बोलणारी हीच दोघे. खालच्या मजल्यावर घरमालकाचे किराणा दुकान. सामान तिथूनच घ्यायचे, असा तिथला न लिहिलेला करार.

त्यांची मुलगी वीस महिन्यांची. मी गेलो तेव्हा ती भिंतीपाशी उभी होती. पोपडा निघालेल्या जागी बोट घालून ते ती तोंडात घालत होती. मी उचलून घेतले तर हलकी लागली, ओठ पांढरट. सूनबाई म्हणाली, "काका, ती भिंत चाटते हो. किती रागावलं तरी ऐकत न्हाई. शेजारीण म्हणते जंत झाल्यात." जंतांचे औषध देऊन झाले होते. महिनाभरापूर्वी एका खासगी दवाखान्यात रक्त तपासले, तर हिमोग्लोबिन 8.4 निघाले. या वयाच्या मुलाचे 11 च्या खाली गेले की रक्तक्षय समजतात. डॉक्टरांनी महागडे टॉनिक लिहून दिले. एक बाटली संपली, दुसरी आणली नाही.

लहान मूल माती, चुना, कोळसा, पाटीवरची पेन्सिल खाते, तेव्हा आपल्याकडे त्याला रट्टा मिळतो. खरे तर बऱ्याचदा ती रक्तातले लोह कमी असल्याची खूण असते. यावरून मला एका माणसाची गोष्ट सांगायची आहे, कारण तो आपल्या देशाचा आणि पुतण्याच्या शेजाऱ्यांच्या मुलखातला. डॉ. आनंद प्रसाद हे बिहारमधल्या बक्सरचे. 1958 मध्ये ते इराणमधल्या शिराझ शहरात काम करत होते. तिथे त्यांच्याकडे 21 वर्षांचा एक तरुण आला, दिसायला दहा वर्षांच्या पोराएवढा. खाणे काय, तर गव्हाची रोटी आणि त्यावर माती. मांस, मासे, अंडी जवळजवळ नाहीतच. रक्तक्षय होता, पण तेवढ्याने खुंटलेल्या वाढीचा उलगडा होईना. प्रसादांनी त्याचा माग काढत पुढे इजिप्तमध्ये तशाच मुलांवर काम केले आणि 1963 पर्यंत दाखवून दिले की या मुलांना जस्त, म्हणजे झिंक, कमी पडते. त्याआधी माणसाला जस्ताची कमतरता होऊ शकते हे वैद्यकशास्त्र मानायलाच तयार नव्हते. पोट रोटीने भरलेले, तरी शरीर उपाशी, असे असू शकते हे त्या पोरांमुळे जगाला कळले.

आता मानेसरच्या त्या खोलीतले ताट पाहा. सकाळी चहात बुडवलेले बिस्कीट. दुपारी चपाती, बटाट्याचा रस्सा किंवा पातळ वरणाचे पाणी. संध्याकाळी पुन्हा चहा-टोस्ट, नाहीतर खालच्या दुकानातले पाच रुपयांचे कुरकुरीत पाकीट, कारण पोर रडते आणि आई अजून शिफ्टवर असते. रात्री चपाती आणि थोडे दूध. मी मॅट्रिक, गणितात काठावर पास, पण हा हिशोब मलाही येतो. एक ते तीन वर्षांच्या मुलाला दिवसाला 8 मिलिग्रॅम लोह आणि 3 मिलिग्रॅम जस्त लागते असे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे सांगणे. 100 ग्रॅम कणकेत लोह सुमारे 4 मिलिग्रॅम. पोरगी दिवसभरात दोन लहान चपात्या खाते, म्हणजे 50-60 ग्रॅम कणीक, म्हणजे अडीच मिलिग्रॅमच्या आत. दुधात लोह नावापुरते. बटाटा, बिस्कीट मिळून आणखी थोडे. आठाला तीन-साडेतीनवर गाडी थांबते. त्यातलेही सगळे अंगी लागत नाही, कारण गव्हाच्या कोंड्यात आणि डाळीत फायटेट नावाचे द्रव्य असते, ते लोह आणि जस्त धरून ठेवते. वर चहा दिला की उरलेसुरले लोहही वाया.

सहा महिन्यांपर्यंत आईचे दूध पुरते. मूल जन्माला येताना आईकडून लोहाची शिदोरी घेऊन येते, ती साधारण तेवढाच काळ चालते. शिदोरी संपते तेव्हाच वरचे खाणे सुरू व्हायचे असते, आणि नेमकी तेव्हाच सूनबाई कामावर परत गेली. रजा संपली म्हणून नव्हे, रजा तिला मिळालीच नव्हती. सातव्या महिन्यात ठेकेदाराने "घरी बसा, नंतर बघू" म्हणून सांगितले आणि बाळंतपणानंतर नवीन नाव लावून पुन्हा घेतले. नोकरी नवी, म्हणून मागची सेवा शून्य. 2017 च्या दुरुस्तीने प्रसूती रजा 12 आठवड्यांवरून 26 आठवडे झाली, हे तिला मीच पहिल्यांदा सांगितले. ती नुसती हसली.

आपल्यातले काही जण म्हणतील, आईबाप अडाणी, पोरांना काय खायला द्यावे कळत नाही. हे मी आमच्या शाखेच्या सभेतही ऐकले आहे. सूनबाई बारावी पास आहे. तिला नाचणीचे सत्त्व माहीत आहे, अळिवाची खीर माहीत आहे, मोड आलेली मटकी शिजवून कुस्करून कशी द्यायची ते तिच्या सासूने शिकवले आहे. मोड आणल्याने, आंबवल्याने ते फायटेट कमी होते आणि वर लिंबू पिळले की लोह जास्त शोषले जाते, हे शास्त्र आपल्या बायांच्या हातात पिढ्यान्‌पिढ्या आहे. पण मटकी भिजवायची, उपसायची, बांधायची आणि पोराला मांडीवर घेऊन अर्धा तास घास भरवायचा, याला माणूस घरात लागते. वीस महिन्यांचे पोर एका वेळी वाटीभरच खाते, म्हणून त्याला दिवसातून चार-पाचदा भरवावे लागते. सूनबाई सकाळी आठला जाते, ओव्हरटाईम धरून रात्री आठला येते. पोरगी शेजारणीच्या नऊ वर्षांच्या मुलीकडे असते. नऊ वर्षांची पोर दुसऱ्या पोराला बिस्कीट देणार, मटकी नाही. नाचणी खालच्या दुकानात मिळत नाही. अंडे मिळते, पण चाळीत अंडे शिजवायला घरमालकाची मनाई. ज्ञानाची कमतरता यात मला कुठे दिसली नाही. वेळेची दिसली, पैशाची दिसली.

माझ्या लहानपणाचे मी फार कौतुक करणार नाही. 1972 च्या दुष्काळाच्या आगेमागे माझा जन्म. मिलोची लाल ज्वारी आणि कामावर मिळणारी सुकडी यांच्या गोष्टी आईच्या तोंडून ऐकत मोठा झालो. पोरे तेव्हाही मरत होती आणि आजच्यापेक्षा जास्त मरत होती. पण वडील गँगमन होते, आम्हाला क्वार्टर होते, दारात शेवगा होता, आणि आईला भाकरी-भाजीपुरता वेळ होता. कायम नोकरीतून किती गोष्टी आपोआप मिळत होत्या, हे ती गेल्यावरच कळते.

आता आकडे. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पाच वर्षांखालच्या मुलांमध्ये रक्तक्षयाचे प्रमाण देशात 67.1 टक्के, महाराष्ट्रात 68.9 टक्के आणि हरियाणात 70.4 टक्के निघाले. हरियाणा हा दूध-दह्याचा प्रांत. तिथे खुंटलेल्या उंचीची मुले 27.5 टक्के, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या 35.2 टक्क्यांहून बरीच कमी. तरी रक्तक्षयात तो आपल्याही पुढे. दूध-रोटीने उंची थोडी वाढेल, रक्त वाढत नाही. 2016 ते 2018 या काळात केंद्राने आणखी एक पाहणी केली, तीत शिरेतून रक्त काढून तपासले. एक ते चार वर्षांच्या मुलांत रक्तक्षय 41 टक्के, लोहाची कमतरता 32 टक्के, जस्ताची 19 टक्के. मोजण्याची रीत आणि वय वेगळे, म्हणून आकडे वेगळे. त्यावर विद्वानांनी वाद घालावा. मला त्यातली एक गोष्ट महत्त्वाची वाटली: लोहाची कमतरता खेड्यांपेक्षा शहरांतल्या मुलांत जास्त निघाली.

कुपोषण म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे मेळघाट येतो, जव्हार-मोखाडा येतो. 1992 साली जव्हारच्या वावर-वांगणीत मुले दगावली, 1993 मध्ये मेळघाटचे मृत्यू न्यायालयात गेले, तेव्हा कुठे राज्य हलले. पुढे आदिवासी भागासाठी अमृत आहार योजना आली, तीत अंगणवाडीतल्या मुलांना आठवड्यातून चार दिवस अंडी, न खाणाऱ्याला केळी. तिथले काम संपलेले नाही, हे मला ठाऊक आहे. पण मेळघाटच्या मुलाचे निदान कुठल्यातरी यादीत नाव असते. मानेसरच्या चाळीतले पोर लातूरच्या यादीतून निघाले आणि गुरुग्रामच्या यादीत चढलेच नाही. गाडी एका सेक्शनमधून सुटली आणि पुढच्या स्टेशनाने लाईन क्लिअर दिलाच नाही, असा प्रकार.

जवळची अंगणवाडी दीड किलोमीटरवर. सूनबाई एकदा रजा टाकून गेली होती. सेविका भली होती, पण तिच्याकडे जागेपेक्षा जास्त मुले आणि माल मंजूर पटाइतकाच. रेशनचे म्हणाल, तर एक देश एक रेशनकार्ड योजनेत परराज्यातही धान्य मिळते, ही चांगली गोष्ट. पण मिळते ते गहू-तांदूळ. डाळ, तेल, जे काही राज्य आपल्या खिशातून देते, ते परगावच्या माणसाला नाही. ईएसआयचे पैसे पगारातून कापले जातात, कार्ड ठेकेदाराने अजून हातात दिलेले नाही. सहा महिन्यांपुढच्या मुलांना आठवड्यातून दोनदा एक मिलिलिटर लोहाचे सरकारी औषध फुकट मिळायला हवे, 2018 पासून ॲनिमियामुक्त भारत मोहिमेत ते ठरलेले आहे. आशाताईने ते घरी आणून द्यायचे. त्या चाळीत आशाताई आल्याचे कोणालाच आठवत नव्हते. टॉनिकची बाटली मात्र विकत आणावी लागली.

याच मानेसरमध्ये केंद्र सरकारची राष्ट्रीय मेंदू संशोधन संस्था आहे. पुतण्याने लांबून दाखवली. मेंदूची बरीचशी घडण आयुष्याच्या पहिल्या दोन वर्षांत होते आणि त्याला लोह लागते. मध्य अमेरिकेतल्या कोस्टा रिका देशात बेट्सी लोझॉफ या बाईंनी तान्हेपणी लोह फार कमी असलेल्या मुलांचा पुढे अनेक वर्षे मागोवा घेतला. औषधाने रक्त सुधारले, तरी शाळेच्या वयात ती मुले बरोबरीच्या मुलांच्या मागेच राहिली. म्हणजे ही उधारी नंतर फेडतो म्हणून चालत नाही. डी.ए.ची थकबाकी उशिरा का होईना मिळते, या हिशोबात थकबाकी नाही.

कामगार बंधू-भगिनींनो, यावर नेहमीचा प्रश्न येतो: हे युनियनचे काम आहे का? मी मिठाचे उदाहरण देतो. आयोडीन कमी पडले की गलगंड होतो, मूल मंदबुद्धी होते. 1962 मध्ये सरकारने गलगंड नियंत्रणाचा कार्यक्रम घेतला आणि पुढे देशभर आयोडीनयुक्त मीठ पोचवायचे ठरले. आयांना व्याख्याने देऊन ते काम झाले नाही. कच्छ-सौराष्ट्रच्या मिठागरांतून मीठ वाघिणींत भरले गेले, रेल्वेने त्या वाहतुकीला प्राधान्य दिले आणि आपल्या माणसांनी ते आसामपासून बिहारपर्यंत पोचवले. आज दहापैकी नऊहून जास्त घरांत आयोडीनचे मीठ आहे. एका खनिजाची कमतरता या देशाने सरकारी धोरण आणि कामगारांचे हात एकत्र लावून बरीचशी हटवली आणि त्यात रेल्वेचा वाटा होता. मग लोह आणि जस्त आपल्या कक्षेबाहेरचे कसे?

आधी आपल्या घरात पाहू. कायम कामगार भगिनींना 180 दिवसांची प्रसूती रजा आहे, सहाव्या वेतन आयोगापासून 730 दिवसांची बालसंगोपन रजा आहे. आपल्या ग्रामीण डाकसेवक भगिनींना 180 दिवसांची रजा मिळायला 2018 साल उजाडावे लागले. पण रुळांच्या नूतनीकरणावर, स्टेशनच्या बांधकामावर, डबे धुण्यावर ज्या ठेक्याच्या बाया आहेत, त्यांचे काय? लाईनच्या कडेला निळ्या ताडपत्रीचे तंबू आपण रोज पाहतो. पोर झोळीत टांगलेले असते नाहीतर खडीवर बसून खडी चोखत असते. आपण शिट्टी वाजवून पुढे जातो. मीही अनेक वर्षे गेलो. 1969 मध्ये मीरा महादेवन यांनी दिल्लीत बांधकामावरच्या मजुरांच्या अशाच मुलांसाठी तंबूत पाळणाघर सुरू केले, त्यातून मोबाईल क्रेश ही संस्था उभी राहिली. एका बाईला दिसले ते एवढ्या मोठ्या युनियनांना दिसले नाही, हे मान्य करायला मला लाज वाटत नाही.

चार श्रम संहितांना आपला विरोध होता आणि आहे. पण 21 नोव्हेंबर 2025 पासून त्या लागू झाल्या आहेत, तर त्यातले जे हत्यार हाताला लागते ते वापरलेच पाहिजे. पन्नासहून जास्त कामगार असतील तिथे सहा वर्षांखालच्या मुलांसाठी पाळणाघराची तरतूद व्यवसायसुरक्षेच्या संहितेत आहे. आणि ठेक्याच्या कामगारांच्या कल्याणसोयी मूळ मालकाने द्यायच्या, ठेकेदाराकडे बोट दाखवून चालणार नाही, हेही तिथे लिहिले आहे. रेल्वेच्या कामावर मूळ मालक कोण, हे वाचकांना सांगायला नको. माझे मत स्पष्ट आहे: पुढच्या पीएनएम बैठकीत प्रत्येक विभागाने हा मुद्दा लेखी द्यावा, आणि पाळणाघर म्हणजे चार भिंती व एक आया एवढ्यावर मान्य करू नये. तिथे शिजवलेले गरम अन्न हवे, त्यात डाळ, पाला, अंडे, बाजरी किंवा नाचणी हवी, आणि आईला मधल्या सुटीत पाजायला जाता आले पाहिजे. बाजरीचे तर आपल्याकडे धनशक्ती नावाचे वाण आहे, राहुरीच्या विद्यापीठाने हैदराबादच्या इक्रिसॅटबरोबर काढलेले, लोह आणि जस्त जास्त असलेले. हरियाणातही बाजरी पिकते. कॅन्टीनच्या निविदेत ती का लिहू नये?

जाता जाता एक कामाची गोष्ट. मुलाला जुलाब लागले की मिठा-साखरेच्या पाण्याबरोबर, म्हणजे ओआरएसबरोबर, जस्ताच्या गोळ्या चौदा दिवस द्यायच्या असतात. सरकारी दवाखान्यात त्या फुकट मिळतात. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबतात आणि आपण गोळ्या बंद करतो. पूर्ण चौदा दिवस द्याव्यात.

मानेसरला मी दोन रात्री राहिलो. दुसरा दिवस रविवार होता. सर्वोच्च न्यायालयाने 13 डिसेंबर 2006 च्या आदेशात सांगितले आहे की ज्या वस्तीत सहा वर्षांखालची निदान 40 मुले आहेत आणि अंगणवाडी नाही, तिथल्या लोकांनी मागणी केल्यापासून तीन महिन्यांत अंगणवाडी दिली पाहिजे. पुतण्याला हे सांगितल्यावर तो म्हणाला, "काका, इथं एका गल्लीतच तेवढी निघतील." आम्ही दोघे आणि त्याचा एक छपऱ्याचा मित्र वही घेऊन गल्लीतल्या चाळी फिरलो. दुपारपर्यंत 40 चा आकडा ओलांडला. काही घरांत आई झोपलेली, रात्रपाळी करून आलेली, तिला उठवले नाही. अर्ज हिंदीत लिहिला, सह्या आणि अंगठे घेतले. घरमालकाला आवडले नाही, पण तो काही बोलला नाही. सोमवारी तो अर्ज बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांच्या नावाने पोस्टात टाकला. रजिस्टर्ड पोस्ट आता स्पीड पोस्टात मिसळले आहे, त्यामुळे स्पीड पोस्टाने, पोचपावतीसह. काउंटरवरच्या बाईंनी पत्ता वाचला आणि विचारले, किती मुले आहेत? पुतण्याने वही दाखवली.

पोचपावती आठ दिवसांनी आली. तिचा फोटो पुतण्याने पाठवला आहे, त्यावरची तारीख मी डायरीत लिहून पुढे तीन महिने मोजून ठेवले आहेत.